सांगाव्याची फटफटी

चिखली, १२ फेब्रुवारी १९५७

यशवंता,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. पण तू माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, रीत मोडता येत नाही, तेव्हा घे आशीर्वाद. तुला दोन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. कळंबचं पोस्ट घोडनदीत बुडालं की काय? हे तिसरं पत्र एकट्यानं वाच. ओट्यावर बसून अख्ख्या घराला पत्र वाचून दाखवायची तुला हौस आहे, ती आज आवर.

आधी सासूबाईंचं कळव. कंबरेचं हाड सांधतंय का? कूस वळताना ओरडतात असं दत्तोबा कंडक्टर सांगत होता. माझ्या सासरची बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरकडून कळते, बघ काय दिवस आलेत.

मंजुळा आईच्या सेवेला तिकडे गेली, तेव्हापासून तिला पाठवलेली पत्रं न फोडता माघारी आली. पाकिटावर तिच्याच अक्षरात 'घेणार नाही'. चौथीपर्यंत शिकलेली बायको केली, त्याचं हे फळ. तोंडी निरोप तेवढा धाडला, 'माझ्या आईला ज्यानं पाडलं त्याच्या घरी मी लेकरू घेऊन यायची नाही.' आमची आई भाकरी थापता थापता रोज विचारते, "सूनबाई कवा येनार?" मी म्हणतो, बाळंतपण झालं की येईल. ती म्हणते, "बाळंतपनाला गेलेली बाई नवऱ्याचं पत्र माघारी धाडत न्हाई, चिमा. मला खुळी समजू नगंस." मग मी कारखान्याची वेळ झाली म्हणून ताटावरून उठतो. शिफ्ट दुपारची असली तरी उठतो.

आता तू मला सांग यशवंता, सासूबाईंना कुणी पाडलं?

नाशिकहून येताना संगमनेरला आपण चहाला थांबलो होतो. तिथं तू माझी टर उडवलीस. "दाजी, तुम्ही फटफटी चालवता का म्हैस चारायला नेता?" मी म्हणालो, अरे गाढवा, पस्तीस मैलांवर ह्या इंजिनाचा आवाज पोटात बसतो. शेतात कोण राबतंय ते दिसतं, त्याला हात करता येतो. चाकणला कांद्याचा वास येतो, खेडच्या घाटात वाळल्या गवताचा. दिवसभर बसलं तरी पाठ धरत नाही आणि घरी गेल्यावर चार गोष्टी सांगायला असतात. तू म्हणालास, साठवर काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही, डोक्यातली सगळी कटकट मागं उडून जाते, ती मजा तुमच्या पस्तीसात कुठली? भांडता भांडता चहा गार झाला. हॉटेलवाला आपल्याला हसत होता. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, म्हणून हँडल तुझ्या हातात दिलं. फक्त कळंबच्या अलीकडे हळू घे, असं बजावलं. बजावलं होतं की नाही?

का बजावलं ते तुला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण तू विसरल्याचं सोंग घेतलंयस. देहूरोडच्या डेपोत मिलिटरीनं मोडीत काढलेली ही फटफटी मी दुरुस्त करून आणली ती मजेखातर. पण आमच्या पंचक्रोशीत दुसरी नाही. कुणाचं माणूस गेलं की सासरी नांदणाऱ्या लेकींना, परगावच्या सोयऱ्यांना सांगावा न्यायचा मीच. होता होता मोशीपासून नारायणगावापर्यंत असं झालं, की फटफटी वाजली की बाया ऊर बडवत सडकेवर यायच्या. म्हणून मीच एक रीत पाडली. सांगावा असला तर पन्नासच्या वर, नुसता मजेला निघालो तर पस्तीसच्या आत. वर्षभरात लोकांना ते कानानं पाठ झालं. हळू आवाज आला की पोरं हात करायची, म्हाताऱ्या आपल्या कामाला लागायच्या.

आणि तू स्वतःच्या गावाच्या शिवेत मूठ पिळलीस. काटा पंचावन्नला. मारुतीच्या देवळापुढं बसलेल्या दोस्तांना दाखवायची हुक्की आली तुला. मी मागून पाठीत गुद्दे घालतोय आणि तू हसतोयस. सासूबाईंनी सांगाव्याचा वेग ऐकला. लेकीला आठवा महिना लागलेला, ती इकडे चिखलीला. "माझी मंजे!" करत धावल्या आणि ओट्याच्या पायऱ्यांवरून खाली आल्या. तू उडी टाकून त्यांच्याकडे पळालास, फटफटी मी सावरली. लोक जमले तेव्हा हँडल माझ्या हातात. तुझ्या वडिलांनी, आबाजींनी विचारलं, "कोन हाणीत हुतं?" तू खाली मान घालून म्हणालास, "दाजी."

मी गप्प बसलो. तुझ्या मांडीवर तुझी आई कण्हत होती, त्या घडीला तुला खोटा पाडायचं माझ्या जिवावर आलं. वाटलं, संध्याकाळपर्यंत स्वतःच सांगशील. तीन आठवडे होऊन गेले.

मंजुळाला सांग. मी सांगितलं तर ती म्हणेल, नवरा आपलं खापर माझ्या भावाच्या डोक्यावर फोडतोय. तुझ्या तोंडून गेलं तरच ते खरं ठरेल.

तुझा दाजी,
चिमाजी


चिखली, २ मार्च १९५७

यशवंता,

आज आशीर्वाद नाही. उत्तर येईल तेव्हा साठलेले सगळे एकदम देईन.

परवा सुट्टी होती. घरात बसवेना, म्हणून फटफटी काढली. सांगावा नाही, काम नाही, घाट चढायचा, वर अर्धी घटका बसायचं आणि यायचं. काटा पस्तीसच्या खालीच ठेवला होता. तरी चाकणच्या अलीकडे एक म्हातारी बांधावरून ओरडत आली, "कुनाचा रं सांगावा? कुनाचा?" कुणाचा नाही आजी, असाच निघालोय, म्हणालो. तिला पटेना. "असाच कोन निघतंय? आयची आन घे." घेतली. तुमच्या घरची गोष्ट सडकेनं सगळीकडे गेली आहे. आता पस्तीसवरही कुणाचा भरवसा उरला नाही. मी तीसवर आलो, मग वीसवर. वीसला इंजिन तापलं आणि धक्के देत बंदच पडलं. एका बैलगाडीनं मला मागं टाकलं. गाडीवान म्हणतो, "काय राव, पंचर का?" खेडच्या पुलापर्यंतही न जाता माघारी फिरलो. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. तुझा आला, त्या म्हातारीचा आला, फटफटीचाही आला.

घरी येऊन म्हणालो, विकून टाकतो. आमच्या आळीतले रंगराव ओट्यावर बसले होते. हे म्हातारे गृहस्थ मला चुलत्यासारखे. त्यांची बायको गेली तेव्हा त्यांची एकुलती लेक इंदुताई हिला नारायणगावाहून आणायला मी गेलो होतो, तो माझा पहिला सांगावा. ते खोकत खोकत म्हणाले, "आमच्या येळंला सांगावा पायी जायाचा. लेक यीस्तवर राख गार झालेली असायची. आता बापाचं, आईचं तोंड तरी दिसतंय. तुला मजा न्हाई मिळत म्हून त्येंचं ह्ये बी काढून घेनार व्हय?" विकायचा विषय तिथंच सोडला. जेवलोसुद्धा नाही नीट.

आबाजींचा निरोप दत्तोबानं आणला. जावई म्हणून यायला आडकाठी नाही, पण फटफटी कळंबच्या शिवेत वाजता कामा नये, अंथरुणातली म्हातारी नुसत्या आवाजानं थरथरते. मी शब्द दिला. ह्या शिवेपासून त्या शिवेपर्यंत वाजणार नाही. ते भले गृहस्थ आहेत. माझ्यावर रागावले आहेत ते तुझ्या खोट्यापायी, आणि तरी जावई म्हणतात.

सासूबाईंची सेवा तू रात्रंदिवस करतोस असं कळलं. चांगलं करतोस. पण पाय चेपून ते एक वाक्य गिळता येईल असं तुला वाटत असेल तर तसं होत नाही. तुझी बहीण पोटात पोर घेऊन माझ्या नावानं बोटं मोडते आहे. मला इथं घर खायला उठतं. तिच्या बांगड्यांचा आवाज नाही, भांडण नाही, काही नाही.

सांगितलंस का?

चिमाजी


चिखली, १७ मार्च १९५७

यशवंता,

पोरगा झाला हे मला कसं कळलं माहीत आहे? काल मोशीला फाट्यावर उभा होतो. नाशिककडून एस.टी. आली. निवडणूक जिंकलेल्यांच्या जीपा कर्ण्यातून बोंबलत चालल्या होत्या, त्या गोंगाटात दत्तोबा खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "चिमाजीराव, पोरगा झाला वो! दोघंबी खुशाल!" बस थांबलीसुद्धा नाही. मी रस्त्यातच मटकन खाली बसलो. हसत होतो का रडत होतो, मलाच कळेना. एका जीपवाल्यानं मला आपल्या पक्षाचा समजून हार घातला.

कारखान्यात सगळ्या शिफ्टला साखर वाटली. आई शेजारणींना म्हणते, "माझा नातू, नाक माझ्यावानी असनार." न बघता सांगते! मला मात्र काही सुचत नाही. बाप झालो, पण बायकोनं एक ओळ धाडली नाही.

आबाजींचं कार्ड आज आलं. सव्वीस तारखेला बारसं, अगत्य येणे. येतो. एस.टी.नं येतो, फटफटी इथंच राहील. पण एक सांगून ठेवतो. भर मांडवात मंजुळानं माझ्याकडे पाठ केली तर मी पोराला हात न लावता उठेन, आणि मग मला पुन्हा यायचं धैर्य होणार नाही. मी स्वतःला ओळखतो. मी भांडखोर दिसतो, पण आतून घाबरट आहे. तिचं माझं ह्यापुढं काय व्हायचं ते तुझ्या एका वाक्यावर आहे. नऊ दिवस आहेत तुझ्याकडे.

तिला सुंठीचे लाडू पचतात का? डिंकाचे तिला आवडत नाहीत, हे तुझ्या आईला माहीत आहे, तरी अंथरुणातून बळेच द्यायला लावतील. देऊ नका म्हणावं.

चिमाजी


चिखली, २८ मार्च १९५७

यशवंता,

आशीर्वाद. मागचे साठलेले सगळे धरून.

परवा मी काय केलं ते तुला अर्धंच ठाऊक आहे. सकाळी नवा पायजमा घातला, आईनं बाळंतविडा बांधून दिला आणि एस.टी. गाठायला निघालो. वेशीत रंगरावांचा पुतण्या सोपानराव आडवा आला. "काका गेलं," म्हणाला. पहाटे झोपेतच. मी तिथंच उभा राहून म्हणालो, आज माझ्या पोराचं बारसं आहे, इंदुताईला आणायला दुसरं कुणी धाडा, एस.टी.नं धाडा. तो म्हणाला, "यष्टी दुपारला पोचंल. ऊन लई हाय चिमाजी, दुपारच्या आत उचलावं लागंल." बस, एवढंच. त्यानं गळ घातली असती तर मी भांडलो असतो आणि एस.टी. धरली असती. तो नुसता उभा राहिला. मी घरी आलो, बाळंतविडा आईच्या हातात परत दिला आणि फटफटीला किक मारली. आई म्हणाली, "आज?" आणि आत गेली.

आमची रीत तुला माहीत आहे. सांगावा घेऊन निघालेल्यानं वाटेत कुणाच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. लेकरू जन्मलेल्या घरावर तर सावलीसुद्धा पाडायची नाही. आणि नारायणगावची सडक तुमच्या ओट्याखालून जाते.

कळंबची शीव आली तसं इंजिन बंद केलं आणि खाली उतरून ढकलायला लागलो. लोखंड आहे रे ते, सायकल नव्हे. सकाळीच ऊन तापलेलं, तुमच्याकडला चढ. जन्मात एवढ्या सावकाश मी कुठं गेलो नसेन. घामानं डोळे चुरचुरत होते. मनात एकच, कुणी बघू नये. मांडवातून पाळण्याची गाणी ऐकू येत होती आणि माझ्या पोराच्या बारशाचा बुंदीचा वास सडकेपर्यंत येत होता. मान खाली घालून ढकलत होतो.

तेवढ्यात मंजुळा ओट्यावर आली. पोर छातीशी धरलेलं. मला वाटलं, आता तोंड फिरवणार. ती ओरडली, "यशवंतानं सांगितलं! काल रातीच सांगितलं मला!" आणि तरातरा पायऱ्या उतरायला लागली.

यशवंता, दोन महिने मी ह्या एका वाक्याची वाट बघत होतो. आणि ते ऐकून मी काय म्हणालो? "थांब. पुढं येऊ नकोस. सांगावा आहे."

ती पायरीवरच थांबली. गाणी थांबली. कुणीतरी विचारलं, कुणाचा? रंगरावांचा, म्हणालो. मंजुळाच्या तोंडाकडे बघवेना. तिच्या लग्नात त्यांनी तिला लेक म्हणून ओटीत घेतलं होतं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि पोराला दोन्ही हातांनी वर धरलं, मला दिसावं म्हणून. दुपट्यात गुंडाळलेलं, ऊन लागलं तसं हातपाय झाडायला लागलं. मला हातसुद्धा करता आला नाही. हँडल सोडलं असतं तर फटफटी सडकेवर आडवी झाली असती. मग ढकलत पुढं गेलो. रीत मोडावी असं हजारदा वाटलं. मोडली नाही. चूक केली का बरोबर, मला अजून कळत नाही.

इंदुताई दारातच बसली होती. काही सांगावं लागलं नाही. तिला मागं बसवली आणि परत फिरलो. कळंबच्या अलीकडे इंजिन बंद केलं तेव्हा ती म्हणाली, का हो? तुझ्या आईचं सांगितलं. "माझ्या बापापायी त्या म्हातारीला आणखी तरास नको," म्हणाली आणि उतरून चालू लागली. तिथं शिवेवर तू उभा होतास. मागनं कॅरियरला हात लावलास आणि ढकलायला लागलास. इंदुताई शेजारून रडत चालली होती, तिच्यासमोर आपलं काय बोलायचं?

एक गोष्ट मात्र तुलाच सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगता यायची नाही. घाट उतरून खाली आलो आणि समोर सरळ सडक दिसली. मागं इंदुताई हुंदके देत होती, घरी मयत वाट बघत होतं. मी मूठ पिळली. पन्नास, पंचावन्न, साठ. आणि मला मजा आली रे. शरम वाटली, तरी आली. वारा तोंडावर बसत होता, डोक्यात पोर नाही, मंजुळा नाही, रंगराव नाहीत, काही नाही. तू संगमनेरला बोललास ते अगदी तेच. मग मोशीचा पूल आला आणि सगळं पुन्हा डोक्यात येऊन बसलं.

तिरडी बांधून झाली होती. इंदुताईला तोंड दिसलं. मी खांदा दिला.

आता आई म्हणते, मयताला खांदा दिलाय, तेरावा झाल्याशिवाय बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. मी वाद घातला नाही. मंजुळाला म्हणावं, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, पहिल्या एस.टी.नं, आणि ह्या खेपेला कुणी मेलं तरी येतो. सासूबाईंच्या पाया पडतो असं सांग. आबाजींना तू काय सांगितलंस ते मी विचारणार नाही, पण ते तुला मारणार असतील तर मी येईपर्यंत थांबायला सांग, मलाही दोन द्यायच्या आहेत.

शिवेवर तुला एक विचारणार होतो, पण इंदुताई रडत होती म्हणून राहिलं. पोर कुणावर गेलंय? सडकेवरून मला त्याचं तोंड नीट दिसलं नाही. तेवढं कळव.

तुझा दाजी,
चिमाजी